नानी पालखीवाला : घटनेच्या खटल्यांमागचा कंपनी वकील

मसुदेबाज (धागाकर्ता)

११ डिसेंबरला नानी पालखीवालांचा स्मृतिदिन. जन्म १६ जानेवारी १९२०, निधन २००२, दोन्ही मुंबईतच. या दिवशी सगळीकडे दोन गोष्टी फिरतात: केशवानंद भारती खटला (संसदेलाही घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे ठरवणारा) आणि ब्रेबर्न स्टेडियमवरचं बजेटचं भाषण. दोन्ही मोठ्याच, पण त्यांच्या सावलीत मूळचा वकील झाकला जातो. हे गृहस्थ आयकर आणि कंपन्यांच्या कामातले. १९५० साली, तिशीत, त्यांचं आयकरावरचं पुस्तक आलं. १९६१ पासून ते टाटांच्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर होते. पुढे एसीसी या सिमेंट कंपनीचे अध्यक्ष, टीसीएसचे अध्यक्ष. घटनेच्या खटल्यांत उभे राहिले तेव्हाही डोकं कंपनी वकिलाचंच चालत होतं. दावा कोणाच्या नावाने लावायचा? तोटा नेमका कोणाचा? हिशोबातून कोणती रक्कम गाळली गेली आहे?

उत्तम नमुना म्हणजे बँक राष्ट्रीयीकरणाचा खटला. १९ जुलै १९६९, शनिवार. सोमवारी संसदेचं अधिवेशन सुरू होणार, आणि त्याच्या दोन दिवस आधी वटहुकूम निघाला: ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या १४ बँका सरकारजमा. ऑगस्टमध्ये वटहुकुमाच्या जागी कायदा झाला.

आता वकिलापुढची अडचण पाहा. मालमत्ता बाळगण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क तेव्हा कलम १९ मध्ये होता, आणि कलम १९ फक्त नागरिकांसाठी. कंपनी नागरिक नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात ठरवून टाकलं होतं. मग भागधारकाला पुढे करावं? तेही करून झालं होतं. १९६४ मध्ये टाटांच्याच टेल्को या वाहन कंपनीने विक्रीकराविरुद्ध भागधारकांसह अर्ज केला. कोर्ट म्हणालं, कंपनीचा पडदा बाजूला सारून भागधारकाला मागच्या दाराने आत घेता येणार नाही. अर्ज फेटाळला.

म्हणजे बँकेने अर्ज केला तर ती नागरिक नाही, आणि भागधारकाने केला तर हक्क त्याचा नाही. सहा वर्षांनी पालखीवाला त्याच भिंतीतून आरपार गेले. १० फेब्रुवारी १९७० चा निकाल, ११ पैकी १० न्यायमूर्ती त्यांच्या बाजूने. ते जमलं कसं, यावर जाणकारांनी लिहावं. नुसते हारतुरे नकोत.

फोर्टकर

जमलं ते अर्जदाराच्या निवडीने. अर्जदार रुस्तम कूपर, स्वतंत्र पक्षाचे. त्यांच्या अर्जातली पहिली ओळखच वाचण्यासारखी आहे. सेंट्रल बँक, बँक ऑफ बडोदा, युनियन बँक आणि बँक ऑफ इंडिया या चारही बँकांचे भागधारक. त्याच बँकांत चालू खातं आणि मुदत ठेवी. शिवाय सेंट्रल बँकेचे संचालक. एकाच माणसात तीन नाती. सरकार म्हणणार की भागधारकाचं काहीच गेलं नाही. तर ठेवीदार उभा. ठेवीदाराला हरकत घेतली तर संचालक उभा.

नुसत्या भागधारकीवरचा अर्ज पडतो कारण त्यात लिहिलेलं असतं, 'कंपनीची मालमत्ता गेली'. हा कंपनीचा तोटा झाला. कूपर यांच्या अर्जात मांडणी अशी की माझ्या शेअरची किंमत कोसळली, लाभांश देणारा धंदाच उरला नाही, मतदानाच्या हक्काला अर्थ राहिला नाही. हा माझा तोटा, आणि मी नागरिक. ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी सुरुवातीलाच हरकत घेतली की हा अर्ज चालूच शकत नाही. कोर्टाने जे उत्तर दिलं ते आजही अशा अर्जांचा पाया आहे: सरकारच्या एकाच कृतीने कंपनी आणि भागधारक दोघांचेही हक्क दुखावू शकतात, आणि तसं असेल तर कंपनीचंही नुकसान झालं एवढ्या कारणाने भागधारकाला परत पाठवता येत नाही.

टेल्कोचा निकाल यात रद्द झाला नाही, हे नवशिके विसरतात. आजही अर्जात भागधारकाचा स्वतंत्र तोटा वेगळ्या परिच्छेदात, आकड्यांनिशी लिहिला नाही तर टेल्कोच लागू होतो. म्हणूनच अनुभवी सॉलिसिटर असा अर्ज एकट्या कंपनीच्या नावाने लावत नाहीत. कंपनी अर्जदार क्रमांक १ आणि एखादा भागधारक किंवा संचालक क्रमांक २.

१९७२ च्या बेनेट कोलमन प्रकरणात हीच युक्ती आणखी रुंद केलेली दिसते. वर्तमानपत्राच्या कागदाचं धोरण, दहा पानांची मर्यादा. अर्जदारांत कंपन्या, भागधारक, संपादक आणि चक्क वाचकसुद्धा! गंमत म्हणजे तिथला बहुमताचा निकाल न्या. ए. एन. राय यांनी लिहिला. बँकांच्या खटल्यात विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती हेच.

आकडेमोड

अर्जदार निवडून दार उघडलं, पण खटला जिंकला तो भरपाईच्या हिशोबावर.

भरपाई म्हणजे मालमत्ता वजा देणी, असं कायद्यात होतं. वरवर सरळ. पण परिशिष्ट बारकाईने वाचलं की गळती दिसते. गुडविल, म्हणजे नावलौकिकाची किंमत, धरलेलं नाही. मुंबईच्या मोक्याच्या जागांवरच्या लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यांची उरलेली वर्षं धरलेली नाहीत. इमारतींचं मूल्य काढण्याची रीत अशी की बाजारभाव लागू नये. वर पैसे रोख नाहीत, किमान दहा वर्षांनी वटणारे रोखे, ज्यांचा बाजारभाव दर्शनी किमतीच्या खाली राहणार हे सरळ दिसत होतं.

गुडविल वगळणं हा सगळ्यांत मोठा घाव. कापड गिरणीत यंत्रं हीच मालमत्ता. बँकेत टेबल-खुर्च्या आणि तिजोरी सोडली तर लोक ठेवी आणून देतात तो विश्वास हीच मालमत्ता, आणि नेमकी तीच शून्य धरलेली. कोर्ट म्हणालं की मोजायची तत्त्वं त्या मालमत्तेला साजेशी नसतील तर हातात येते ती भरपाई नव्हे.

दुसरा मुद्दा समानतेचा. कायद्यात लिहिलं होतं की या १४ बँकांनी बँकिंग सोडून दुसरा धंदा खुशाल करावा. पण जागा, नोकर, पैसा, सगळा 'उपक्रम' सरकारकडे गेलेला. मग धंदा करायचा कशाच्या बळावर? कागदावर दिलेली मुभा व्यवहारात कशी पोकळ आहे हे ताळेबंद समोर ठेवून दाखवणं, हे सनदी लेखापालाच्या बुद्धीचं काम आहे.

सदाशिवपेठी

माहितीपूर्ण. पण जिंकून मिळालं काय? बँका तर सरकारकडेच राहिल्या. आणि आमच्या बँक ऑफ महाराष्ट्रचं काय झालं?

आकडेमोड

चार दिवसांत, १४ फेब्रुवारी १९७० ला, नवा वटहुकूम आला. या वेळी मोजणीची तत्त्वं लिहिण्याच्या भानगडीत सरकार पडलंच नाही. प्रत्येक बँकेपुढे सरळ ठोक रक्कम. एकूण ८७ कोटी ४० लाख. सेंट्रल बँकेला सर्वाधिक, १७.५० कोटी. बँक ऑफ इंडियाला १४.७०. तुमच्या बँक ऑफ महाराष्ट्रला २.३० कोटी, इंडियन बँकेइतकेच, म्हणजे यादीत तळाला. आणि रोखीत तीन वार्षिक हप्त्यांत घेण्याचा पर्याय.

भागधारकांच्या दृष्टीने जिंकलं ते हेच: दहा वर्षांच्या कागदाऐवजी ठरलेली रक्कम, रोखीचा पर्याय. सरकारच्या दृष्टीने बँका राहिल्या. मग १९७१ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती करून कलम ३१ मधला 'भरपाई' हा शब्दच काढला आणि 'रक्कम' हा शब्द घातला, म्हणजे पुरेशी आहे की नाही हे कोर्टाने तपासायला नको. केशवानंदमध्ये आव्हान दिलेल्या दुरुस्त्यांत ही एक होती. बँकेच्या गुडविलपासून घटनेच्या मूलभूत चौकटीपर्यंतचा रस्ता असा सलग आहे.

तिसरी घंटा

त्या ११ न्यायमूर्तींत सरन्यायाधीश हिदायतुल्लाही होते ना?

फोर्टकर

नव्हते. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी राजीनामा दिल्यावर २० जुलै १९६९ पासून महिनाभर हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती होते, आणि ९ ऑगस्टला याच कायद्यावर त्यांची सही झाली. स्वतः सही केलेला कायदा तपासायला कसे बसणार? पीठाचे प्रमुख न्या. जे. सी. शहा होते, बहुमताचा निकालही त्यांचाच.

कलमकसई

आयकराच्या पुस्तकाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून.

'कांगा आणि पालखीवाला' असं पुस्तकाचं नाव पडलं आहे. सर जमशेदजी कांगा हे त्यांचे सीनियर. मुंबई हायकोर्टातल्या कांगांच्या चेंबरमधून सीरवाई, पालखीवाला, पुढे नरिमन आणि सोराबजी निघाले. कांगांनी मोकळेपणाने सांगितलं होतं की पुस्तकाचं श्रेय पालखीवालांचं. लहानपणी तोतरं बोलणारा, इंग्रजीत एम.ए. करून प्राध्यापकी न मिळाल्याने कायद्याकडे वळलेला मुलगा. भाषेवरची पकड पुस्तकात जाणवते: एका कलमावर पन्नास निकाल असले तरी आधी दोन ओळींत नियम, मग अपवाद, मग मतभेद, आणि लेखकाला निकाल चुकीचा वाटला तर तसं स्पष्ट लिहिलेलं.

पहिली आवृत्ती १९२२ च्या कायद्यावर. १ एप्रिल १९६२ पासून १९६१ चा कायदा आला आणि सगळं पुन्हा बांधावं लागलं. जुने निकाल वाचताना आज लोक इथेच अडखळतात, म्हणून नेहमी लागणाऱ्या जोड्या देतो. जुनं १०(२)(पंधरा), म्हणजे धंद्यासाठी केलेला खर्च, ते १९६१ मध्ये ३७(१). जुनं ३४, फेरआकारणी, ते १४७ आणि १४८. जुनं १२ब, भांडवली नफा, ते ४५. जुनं ६६, हायकोर्टाकडे संदर्भ (कायद्याचा प्रश्न मतासाठी पाठवणं), ते २५६.

नुसता आकडा बदलून भागत नाही. शब्द बदलले आहेत का ते दोन्ही कलमं शेजारी ठेवून पाहायचं. ३७(१) मध्ये गाभा तोच राहिला, म्हणून १९४० चे निकालही चालतात. फेरआकारणीत पुन्हा पुन्हा बदल झाले, तिथे ३४ वरचा निकाल डोळे मिटून लावला की अपिलात तोंडघशी पडायला होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा, म्हणजे हीच कसरत पुन्हा एकदा.

आकडेमोड

बजेटच्या भाषणांवर थोडं. सुरुवात १९५८ मध्ये, ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलातल्या छोट्या सभागृहात, फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझतर्फे. गर्दी मावेना म्हणून क्रिकेट क्लब, मग ब्रेबर्न. शेवटचं भाषण १९९४. हातात कागद नाही, आकडे तोंडपाठ.

लोक पाठांतराचं कौतुक करतात. खरं काम त्याच्या आधीचं. अर्थमंत्र्यांचं भाषण बाजूला ठेवून वित्त विधेयक कलमवार वाचायचं, कारण भाषणात सवलत असते आणि विधेयकात तिची अट. कोणतं कलम कोणत्या तारखेपासून, हे वेगळं लिहून काढायचं. सीमाशुल्क आणि अबकारी वाढ त्याच मध्यरात्रीपासून वसूल होत असे, १९३१ च्या तात्पुरत्या वसुली कायद्याखाली, ७५ दिवसांपर्यंत. आयकराचं गणित निराळं: आकारणी वर्षाच्या १ एप्रिलला जो कायदा अस्तित्वात असेल तो लागतो, नंतरची दुरुस्ती पूर्वलक्षी केली असेल तरच मागे जाते. या दोन घड्याळांची गल्लत सर्रास होते.

आणि त्यांचा राग कशावर होता ते समजायला एक हिशोब. १९७३-७४ मध्ये दोन लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के कर, त्यावर १५ टक्के अधिभार. ८५ गुणिले १.१५ म्हणजे ९७.७५ टक्के. या पायरीवरच्या माणसाने १०० रुपये गुंतवले आणि १० रुपये व्याज आलं, तर कर भरून हातात साडेबावीस पैसे. संपत्तीकर वेगळा. त्याचा दर ०.२२५ टक्क्यांच्या वर गेला की मुद्दल खायला सुरुवात. हे फळ्याशिवाय हजारोंच्या गर्दीला समजावून सांगणं सोपं नाही.

उलटतपासणी

आरती चालू द्या, पण दुसरी बाजूही नोंदवा. भोपाळनंतर न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला कुठे चालावा हा वाद होता. भारतातली न्यायव्यवस्था हे प्रकरण हाताळायला समर्थ आहे, असं प्रतिज्ञापत्र पालखीवालांनी युनियन कार्बाइडच्या बाजूने दिलं. मे १९८६ मध्ये न्या. कीनन यांनी खटला भारतात पाठवला. पुढे १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना काय मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे. मंडल खटल्यातही ते आरक्षणाच्या विरोधातच उभे होते. भरपाईचा हिशोब बँकांच्या भागधारकांसाठी इतका काटेकोर करणारा माणूस भोपाळच्या बाबतीत कोणत्या बाजूला होता, हे लिहिल्याशिवाय धागा अर्धवट राहील.

मसुदेबाज

नोंद हवीच होती. प्रतिज्ञापत्रातलं विधान कायदेशीरदृष्ट्या टिकणारं होतं, पण टिकणारं विधान आणि योग्य विधान यांत इथे अंतर पडलं, असं माझंही मत. आपल्या कोर्टांत सामूहिक नुकसानभरपाईचे दावे किती वर्षं रेंगाळतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

तिसरी घंटा

केशवानंदवर दोन ओळी तरी येऊ द्या. धाग्याला पाप लागेल.

फोर्टकर

दोन ओळींत मावणार नाही, पण फक्त कामकाजाच्या बाजूने लिहितो.

३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३, सुनावणीचे ६८ दिवस, १३ न्यायमूर्ती. अर्जदार केशवानंद भारती हे केरळच्या एडनीर मठाचे अधिपती, पण पाठीमागे कोळसा आणि साखर कंपन्यांचेही अर्ज. सरन्यायाधीश सिक्री २५ एप्रिलला निवृत्त होणार, म्हणजे त्याआधी निकाल लागला नाही तर सगळं नव्याने. मार्चमध्ये न्या. बेग आजारी पडले तेव्हा हीच धास्ती होती. निकाल २४ एप्रिलला, सातास सहा.

युक्तिवादाची रचना तीन मजली. खाली कलम ३६८ (संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार) मधला 'दुरुस्ती' हा शब्द: दुरुस्ती म्हणजे मूळ वस्तू राहिली पाहिजे. मध्ये गर्भित मर्यादा, म्हणजे घटनेत लिहिलेल्या नसल्या तरी त्या अधिकाराला असणाऱ्या मर्यादा. ही कल्पना जर्मन प्राध्यापक डिट्रिश कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारसला व्याख्यानात मांडली होती आणि घटनादुरुस्तीच्याच आधीच्या गोलकनाथ प्रकरणात एम. के. नंबियार यांनी कोर्टापुढे नेली होती. वर परिणाम: मर्यादा नसेल तर संसद स्वतःची मुदत बेमुदत वाढवू शकते का, निवडणुकाच बंद करू शकते का? सरकारच्या वकिलांना 'हो, शकते' म्हणावं लागलं की निम्मं काम झालं. समोर होते सीरवाई, म्हणजे त्याच कांगांच्या चेंबरमधले.

अडचण निकालातच होती. ११ स्वतंत्र निकालपत्रं. ठरलं काय, हे शोधायला सिक्रींनी सारांशाचा कागद फिरवला. नऊ जणांनी सही केली, चौघांनी नाही. अल्पमतात गेलेले पालेकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे दोघेही सही करणाऱ्यांत होते. सात वर्षांनी मिनर्व्हा मिल्समध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीची दोन कलमं याच चौकटीच्या आधाराने रद्द करणारा निकाल सरन्यायाधीश म्हणून चंद्रचूडांनीच लिहिला. तिथेही वकील पालखीवाला. आणि खटला कशाचा, तर बंगळूरच्या एका गिरणीच्या ताब्याचा. पुन्हा कंपनीच.

उलटतपासणी

आणि इंदिरा गांधींचं वकीलपत्र?

फोर्टकर

इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द करणारा अलाहाबाद हायकोर्टाचा निकाल १२ जून १९७५. सुट्टीतले न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे पालखीवाला इंदिरा गांधींतर्फे उभे राहिले. २४ जूनला सशर्त स्थगिती: लोकसभेत बसता येईल, मत देता येणार नाही, खासदाराचं वेतन नाही, पंतप्रधानपद चालू. २५ च्या रात्री आणीबाणी. पालखीवालांनी ब्रीफ, म्हणजे घेतलेलं वकीलपत्र, परत केलं.

वकिलीच्या शिस्तीत हे हलकं पाऊल नाही. मधेच ब्रीफ परत करताना पक्षकाराला दुसरा वकील नेमायला वेळ मिळाला पाहिजे, आणि त्याने विश्वासाने सांगितलेलं काहीही बाहेर जाता कामा नये. इथे मुख्य अपिलाची सुनावणी पुढे होती, वेळ होता.

त्याच नोव्हेंबरात केशवानंदच्या फेरविचारासाठी १३ जणांचं पीठ बसलं. पालखीवालांनी ९ नोव्हेंबरला पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि कोर्टात एक साधा, सॉलिसिटरच्या कारकुनाने विचारावा असा प्रश्न विचारला: फेरविचाराचा अर्ज आहे कुठे, आणि केला कोणी? तमिळनाडूचं नाव पुढे आलं, तर त्यांच्या वकिलांनी आम्ही मागितलेला नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस युक्तिवाद झाला. १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीश राय यांनी पीठ बरखास्त केलं. त्या दोन दिवसांतल्या वक्तृत्वाबद्दल न्या. खन्ना यांनी आत्मचरित्रात फार वरच्या शब्दांत लिहिलं आहे.

सदाशिवपेठी

वाचनखूण साठवली. एक शंका: भागधारकाला अर्जदार करताना त्याने शेअर कधी घेतलेले असावेत याला काही नियम? परवा एकाने सांगितलं, आदल्या दिवशी घेतले तरी चालतात.

फोर्टकर

चालतात म्हणून कोणी देऊ नये. सरकारच्या उत्तरात पहिला परिच्छेद त्यावरच येतो की हा अर्जदार खटल्यासाठी तयार केला आहे. कृतीच्या तारखेआधीपासून नाव भागधारकांच्या नोंदवहीत असलेला माणूस घ्यायचा, भारताचा नागरिक असल्याचं प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहायचं, शेअरचा उतारा, असेल तर लाभांशाची नोंद, त्या तारखेचा आणि नंतरचा भाव हे सगळं परिशिष्टात जोडायचं. कूपर यांच्या अर्जात चार बँकांची नावं सुरुवातीलाच आहेत, ती याचसाठी.

कलमकसई

शिवाय त्या भागधारकाच्या सहीचं वकीलपत्र वेगळं घ्या. कंपनीच्या ठरावावर त्याचं काम चालत नाही, आणि रजिस्ट्री तिथेच हरकत काढते.